आजींचे दोन प्रश्न



मे महिना, दुपारचे तीन. आमच्या बडोद्याच्या घरात सगळ्यात वर, थेट अगाशीखाली, सासूबाईंची खोली आहे. (गच्चीला आम्ही बडोदेकर अगाशी म्हणतो, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना आता सवयीचं झालं असेल.) सासूबाईंचं वय ८१. दर उन्हाळ्यात आमच्याकडे एकच वाद होतो. आम्ही म्हणतो, "आई, झोपायला खाली या." त्या म्हणतात, "चाळीस वर्षं इथेच झोपतेय. मला काही होत नाही." वर वारा येतो, देव तिथे आहेत, खाली रस्त्याचा गोंगाट असतो, ही त्यांची कारणं. पहिला पाऊस पडला की वाद संपतो. म्हणजे मिटत नाही, पुढच्या मे महिन्यापर्यंत विसरला जातो.

यंदा या वादात एका कादंबरीने तोंड घातलं. त्याचीच ही गोष्ट.

माझी भाची इंदूरची. ती इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते आणि आमच्याकडे राहते. परीक्षा संपली आणि ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन बसली. थोडी पानं वाचून झाली आणि पुस्तक मिटून म्हणाली, "मावशी, भविष्याच्या गोष्टी सगळ्या अशाच का गं असतात? एक तर यंत्रं राज्य करतात, नाहीतर पाणी संपतं, नाहीतर सगळे मरतात. मी अजून नोकरीलाही लागले नाही आणि या लोकांनी माझं भविष्य संपवूनसुद्धा टाकलं."

तिची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भविष्यावर लिहिणाऱ्यांची जगभर लाट आली आहे आणि तिच्यात आपले भारतीय लेखकही आहेत. प्रयाग अकबर यांची 'लैला' (२०१७) ही कादंबरी घ्या. तिथल्या शहरात प्रत्येक जमातीने आपापल्या वस्तीभोवती भिंत बांधली आहे आणि एक आई हरवलेल्या मुलीला शोधते आहे. लावण्या लक्ष्मीनारायण यांच्या 'ॲनालॉग/व्हर्च्युअल' (२०२०) मध्ये बंगळुरूचं एक असं शहर झालं आहे, जिथे माणसाची किंमत त्याच्या कामाच्या गुणांवर ठरते आणि खालच्या दहा टक्क्यांत गेलात तर सगळ्या सोयी काढून घेतात. समित बसू यांची त्याच वर्षीची 'चोझन स्पिरिट्स' उद्याच्या दिल्लीत घडते. तिथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर कुणाची तरी नजर आहे. तीनही चांगली पुस्तकं. पण एका बैठकीत तिन्ही वाचली, तर भाचीसारखंच कुणालाही वाटेल की, पुढे आता भिंती, गुण आणि कॅमेरे एवढंच शिल्लक आहे.

ती वाचत होती ते पुस्तक म्हणजे किम स्टॅनली रॉबिन्सन या अमेरिकन लेखकाची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर'. २०२० साली आलेली ही कादंबरी हवामानबदलावर आहे. तिचं पहिलंच प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका छोट्या शहरात घडतं, म्हणून मी म्हटलं, "आजींना वाचून दाखव की. त्यांनाही वेळ जात नाही." मग रोज संध्याकाळी ती वर जाऊन बसायला लागली. डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडाने मराठी सांगायची. मराठीही इंदुरी, त्यामुळे सासूबाई मधून मधून हसायच्या. पहिल्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

त्या गावात माठ नव्हते का?

प्रकरणात घडतं ते असं. उष्णतेची भयंकर लाट आली आहे. हवा दमट आहे, वारा नाही. फ्रँक मे नावाचा एक अमेरिकन तरुण तिथल्या दवाखान्यात मदतीचं काम करतो. वीज जाते. दवाखान्यात जनरेटर आहे, त्यावर एक एसी चालतो, त्या खोलीत फ्रँक जमेल तेवढ्या लोकांना घेतो. मग बंदुका घेऊन काही तरुण येतात आणि जनरेटर, एसी दोन्ही उचलून नेतात. शेवटी माणसं गावच्या तळ्यात उतरतात. पण तळ्याचं पाणीच अंगाहून गरम झालेलं असतं. सकाळी त्या तळ्यात एकटा फ्रँक जिवंत उरतो. या लाटेत देशभरात दोन कोटी माणसं गेली, असं कादंबरी पुढे सांगते.

भाची थांबली. सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "त्या गावात माठ नव्हते का?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग लक्षात आलं की प्रश्न अगदी नेमका आहे. त्या प्रकरणाचं सगळं विज्ञान माठात आहे.

माठातलं पाणी गार का होतं? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपलं अंगही माठच आहे. घाम येतो, वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता नेतो. पण हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पावसाच्या तोंडावर जूनमध्ये माठातलं पाणी मे महिन्याइतकं गार लागत नाही, ते याच कारणाने.

हे मोजायची युक्तीही घरगुती वाटावी अशी आहे. तापमापीच्या टोकाला ओलं कापड गुंडाळायचं आणि हवेत धरायचं. जो आकडा येतो तो ओल्या फुग्याचं तापमान, म्हणजे माठाने गाठलेला आकडा म्हणा हवं तर. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी बाहेर ४३ अंश असले आणि हवेत १५ टक्केच आर्द्रता असली, तर हा आकडा २३ च्या आसपास राहतो. जीव हैराण होतो, पण घाम आपलं काम करतो. उलट ३८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा ३५ च्या जवळ जातो. आपल्या त्वचेचं तापमानही साधारण तेवढंच. मग उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. सावलीत बसलेला, पाणी पीत असलेला धडधाकट माणूससुद्धा अशा हवेत काही तासच तग धरतो. ३५ ही मर्यादा शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडली. पुढे तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ती ३१ च्या आसपासच येते असं दिसलं. म्हाताऱ्या माणसांची त्याहून कमी असणार.

"म्हणजे माठ होते, पण माठ चालत नव्हते," सासूबाई म्हणाल्या.

इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

वरचा मजला

आता कुणी म्हणेल, ही शेवटी कादंबरी आहे, घाबरवायला लिहिलेली. म्हणून आमच्या शेजारची खरी गोष्ट सांगते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त माणसं दगावली, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. यातल्या बहुतेकांच्या नावापुढे उष्माघात लिहिलेला नव्हता. कुणाचं हृदय थांबलं, कुणाचं मूत्रपिंड, कुणी झोपेतच गेलं. ऊन असं मारतं, गाजावाजा न करता. महिन्याच्या आकड्यांची बेरीज केल्यावरच ते दिसतं.

त्यानंतर अहमदाबाद महापालिकेने संशोधन संस्थांना बरोबर घेऊन २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला आराखडा मानला जातो. त्यात काय होतं? आधीपासून इशारा, पिवळा-केशरी-लाल अशा रंगांत. चौकाचौकांत पाणी. दवाखान्यातल्या डॉक्टरांना प्रशिक्षण. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग, म्हणजे ऊन परतवायला. एकही गोष्ट अशी नाही की जिच्यावर सिनेमा निघावा.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. शहरातल्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली होता. उन्हाळ्यात उष्णतेने आजारी पडलेली बाळं तिथे जास्त येत. तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून कमी झाली. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. खाटा खाली आणल्या.

हे मी संध्याकाळी वाचून दाखवलं तेव्हा भाचीने वर स्लॅबकडे बघितलं. मीही बघितलं. सासूबाईंनी बघितलं नाही, पण त्यांना कळलं होतं.

तीन गोष्टी, एक सूर्य

माझ्या पिढीने भविष्य पहिल्यांदा वाचलं ते मराठीत, जयंत नारळीकरांमुळे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव केलं, अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या मंडळाच्या गटावर प्रत्येकाने आपापली आवडती कथा सांगितली होती. तरुण वाचकांपैकी बरेच जण त्यांना अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात भेटले असतील. पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी चुकते आणि हिंदुस्थानचा पुढचा सगळा इतिहास बदलतो, ती कथा. शिंदे-होळकर-गायकवाडांच्या गावांत वाढलेल्या आपल्या मुलांना ती जरा जास्तच जवळची वाटते.

भाचीला मी त्यांची वेगळी कथा दिली. मुंबईत बर्फ पडतो ती. हिमयुग येत आहे असं एक भारतीय शास्त्रज्ञ आधीपासून सांगत असतो, कुणी मनावर घेत नाही, आणि एके सकाळी मुंबई पांढरीशुभ्र. शेवटी उपाय काय? अग्निबाणांनी वातावरणात खूप उंचावर धातूचे सूक्ष्म कण सोडायचे, म्हणजे सूर्याची उष्णता धरली जाईल आणि पृथ्वी पुन्हा उबदार होईल.

आता गंमत बघा. रॉबिन्सनच्या कादंबरीत त्या लाटेनंतर भारत सरकार जगाचं न ऐकता नेमकं उलटं करतं. विमानांनी उंचावर गंधकाचं संयुग फवारून ऊन अडवतं. ही कल्पना हवेतली नाही. १९९१ मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने असंच दीड-दोन कोटी टन गंधक वायू वर फेकला होता आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षं पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं होतं.

या दोघांच्याही कितीतरी आधी, १९०५ मध्ये, बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी इंग्रजी कथा लिहिली. ती मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. तिथे राज्य बायकांचं आहे, पुरुष घरात पडद्यात आहेत. बायकांचं एक विद्यापीठ सूर्याची उष्णता साठवतं. त्यावर स्वयंपाक होतो आणि वेळ आली तेव्हा त्याच उष्णतेने शत्रूही पळवला जातो.

एकीने सूर्याला स्वयंपाकघरात आणलं, एकाला तो कमी पडला, एकाला डोईजड झाला. यांपैकी कुणाचं 'खरं' ठरलं, असं विचारणं मला आता चुकीचं वाटतं. ज्योतिषाला विचारायचा प्रश्न आपण लेखकाला विचारतो. लेखक पंचांग सांगत नाही. तो नाटकाच्या तालमीसारखं काहीतरी करतो: असं झालं तर कोण कुठे उभं असेल, कोण काय बोलेल, आणि ऐन वेळी कुणाची धावपळ होईल, हे आधी करून बघतो.

आणि या तालमीत एक फरक पडलेला दिसतो. आमच्या लहानपणच्या विज्ञानकथेत बहुतेकदा एक हुशार शास्त्रज्ञ असायचा. त्याचं कुणी ऐकायचं नाही, शेवटी तोच सगळ्यांना वाचवायचा. रॉबिन्सनच्या पुस्तकात शंभराहून जास्त छोटी प्रकरणं आहेत आणि वाचवणारा एकही नायक नाही. झुरिकमध्ये मेरी मर्फी नावाची बाई एक छोटं कार्यालय चालवते. पुढच्या पिढ्यांच्या वतीने भांडणं हे त्या कार्यालयाचं काम. ती बँकांच्या अधिकाऱ्यांना भेटते, नकार ऐकते, पुन्हा भेटते. कुठे बर्फाखालचं पाणी उपसून हिमनदीचा वेग कमी करायचा प्रयत्न, कुठे शेतीची पद्धत बदलणं, कुठे कोळसा जमिनीतच ठेवणाऱ्याला मोबदला. त्यात हिंसा आहे, चुका आहेत, बरंच काही फसतं. पण पुस्तक संपतं तेव्हा हवेतला कार्बन खाली यायला लागलेला असतो.

भाचीने पुस्तक मिटलं तेव्हा हे तिला कुठे माहीत होतं? ती सुरुवातीच्या प्रकरणावरच अडली होती. पुढे वाचत गेली तसा तिचा सूर बदलला. "मावशी, हे तर मीटिंगांचं पुस्तक आहे!" असं एकदा म्हणाली. थोडी कंटाळलीही. मी म्हटलं, बाई, जग बहुतेक वेळा मीटिंगांनीच बदलतं, विचार आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला.

त्यांची नावं काय होती?

सासूबाईंचा दुसरा प्रश्न चार दिवसांनी आला. भाची पुढची प्रकरणं सांगत होती. फ्रँक वाचला, पण मनाने मोडला, युरोपात गेला, रात्री झोप येत नाही, असं सगळं. सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्याचं दुःख कळलं गं. पण त्या तळ्यात जे गेले, त्यांची नावं काय होती?"

भाचीने पानं मागे उलटली आणि बराच वेळ शोधत बसली. दवाखान्यातली माणसं आहेत, कुटुंबं आहेत, म्हातारी आहेत, पोरं आहेत. पण त्या रात्रीची साक्ष देतो तो फ्रँक. बाकीच्यांचा आकडा होतो, दोन कोटी.

मला लेखकावर आरोप करायचा नाही. त्याने आपल्या देशाकडे पाठ फिरवली नाही. पुढे भारतीय पात्रं येतात, निर्णय घेतात, जगाला सुनावतात, इथल्या शेतीचे प्रयोग जगाला वाट दाखवतात. बाहेरून आलेल्या माणसाने बाहेरच्याच्या डोळ्यांनी पाहिलं, यात अप्रामाणिकपणा नाही. पण प्रश्न उरतोच. आपल्या उन्हाची गोष्ट आतून कोण सांगणार? कुठल्या आजीने खोली सोडायला नकार दिला, कुणी शेजाऱ्याचा पाण्याचा ड्रम भरून ठेवला, रात्री लाइट गेल्यावर कोण कुणाकडे झोपायला गेलं, हे फ्रँकला दिसणार नाही. ते ज्याला दिसतं त्यानेच लिहायला हवं.

आणि आपल्याकडे कुणी लिहिलं नाही असं नाही. नारळीकरांबरोबर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली. दिवाळी अंकांत अशा कथांना हक्काची जागा असायची. पण वर सांगितलेली नवी भारतीय पुस्तकं बघा, सगळी इंग्रजीत आहेत. तरुण वाचक तिथे गेला आहे, त्यात गैर काही नाही. फक्त असं होऊ नये की, मराठीत आपल्याकडे भूतकाळ तेवढा उरला. शिवाजी महाराज, पेशवे, पानिपत मराठीत, आणि उद्याचं सगळं इंग्रजीत. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत हा धोका जास्त आहे. आपण मराठी सणावाराला काढतो, चांदीच्या ताटासारखी. ज्या भाषेत घरातली मुलं उद्याबद्दल बोलत नाहीत, ती भाषा उद्या कशासाठी लागणार?

मगर छपरावर

कुणी म्हणेल, आमच्या गावात असं काय घडतं की त्यावर भविष्यकथा लिहावी? बडोदेकरांनी तरी हे म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात फिरत होत्या. एक तर चक्क घराच्या छपरावर जाऊन बसलेली सगळ्या देशाने पाहिली. हीच गोष्ट दहा वर्षांपूर्वी कुणी कथेत लिहिली असती, तर संपादकांनी "कल्पना जरा ताणली आहे" असा शेरा मारून परत केली असती.

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या पुस्तकात हेच दुखणं मांडलं आहे. १९७८ च्या मार्चमध्ये दिल्लीत ते स्वतः एका टोर्नाडोत सापडले होते. पुढे इतकी वर्षं कादंबऱ्या लिहिल्या, पण तो प्रसंग कुठल्याच कादंबरीत बसवता आला नाही, कारण वाचकाला तो खोटा वाटला असता. त्यांचं म्हणणं असं की, गंभीर साहित्याने 'शक्य वाटणाऱ्या' गोष्टींचा एवढा आग्रह धरला की खरोखर घडणाऱ्या विलक्षण गोष्टींना तिथे दारच उरलं नाही. म्हणून त्या भविष्यकथेच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

आणि चांगलं भविष्य कल्पिणं आपल्या गावाला नवीन नाही. १८९० च्या दशकात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आजव्याचा तलाव झाला आणि बडोद्यात नळाने पाणी आलं. त्यातलं पाणी शहर आजही पितं. १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. त्या काळी शेतकऱ्याची मुलगी शाळेत बसलेली डोळ्यांपुढे आणणं म्हणजे भविष्यकथाच होती. कुणीतरी ती आधी मनात पाहिली, मग कागदावर आणली, मग तिच्यासाठी पैसे काढले.

पुढे काय झालं

आमच्या घरी काय झालं ते सांगते. कादंबरी ऐकून सासूबाईंचं मन एका रात्रीत बदललं असं काही नाही. त्यांनी अटी घातल्या. देव खाली येतील, पण पूर्वेकडे तोंड करूनच. रेडिओ उशाशी. रस्त्याकडची खिडकी रात्री दहानंतर बंद. आणि "हे मे-जूनपुरतं, पाऊस स्थिरावला की मी वर जाणार." शेवटची अट ऐकून माझे यजमान हसले, पण लिहून घेतल्यासारखं मान डोलावून कबूल झाले. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पलंग खाली आणला. अगाशीला चुन्याचे दोन हात मारले, ते भाचीने आणि शेजारच्या मुलाने मिळून. चार पाऱ्याच्या तापमाप्या आणून आम्ही वर-खाली टांगल्या. रात्री अकरालाही वरच्या आणि खालच्या खोलीत चार अंशांचा फरक होता. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ते ऊन खाली सोडत असतो, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

सासूबाई खाली कुरकुरतात. रिक्षांचा आवाज येतो, कुत्री भुंकतात, वारा नाही. पण झोपतात.

आणि भाची लिहायला लागली आहे. मराठीत. गोष्ट बडोद्याची आहे, २०६० सालची. तिने पहिलं पान आजींना वाचून दाखवलं. सुरुवातच अशी होती की पोळात एक म्हातारी बाई राहते. आजींनी तिला तिथेच अडवलं. "नाव दे तिला आधी."

तर मंडळी, या महिन्यात सदराचा गृहपाठ तरुण वाचकांसाठी. आपापल्या गावाची २०६० सालची एक गोष्ट लिहा, पानभर पुरे. बेळगाव असो, पणजी असो, हैदराबाद असो, ग्वाल्हेर असो. भाषा तुमच्या घरात बोलता तीच ठेवा, त्यात गुजराती, कानडी, हिंदी, तेलुगू, कोंकणी शब्द आले तर येऊ द्या. तीन अटी आहेत. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाला नाव असावं. सगळे मेले असा शेवट करू नये, तो फार सोपा पडतो. आणि कुणीतरी एक साधी गोष्ट वेळेवर केलेली असावी, पलंग खाली आणण्याएवढी साधी चालेल.

आणि हो, लिहायला बसण्यापूर्वी आपल्या घरात सगळ्यात वरच्या खोलीत कोण झोपतं, ते एकदा बघून या.